हाळी आणि सालदार
सीमेच्या दोन्ही बाजूंचे दास्य

गुलामगिरी केव्हा संपली, असा प्रश्न परीक्षेत विचारला तर हुशार विद्यार्थी तारखा सांगून मोकळा होतो. कंपनी सरकारचा कायदा १८४३ चा, अमेरिकेतील यादवी युद्धाची अखेर १८६५ ची, ब्राझीलमधील मुक्तीचा कायदा १३ मे १८८८ चा. या तारखा खऱ्या आहेत. परंतु ज्यांच्या मानेवर जोखड होते त्यांच्या दृष्टीने ते नेमके कोणत्या दिवशी उतरले, हा प्रश्न इतक्या सहजपणे सुटत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अटलांटिक महासागर ओलांडण्याचीही गरज नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची पश्चिम सीमा आणि तिच्यापलीकडचा दक्षिण गुजरात हे दोन शेजारी मुलूख शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तरी पुष्कळसा उलगडा होतो. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

एक मुलूख, अनेक सत्ता

नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे त्या मार्गाने सुरतेला गेलेल्या वाचकांनी पाहिले असेलच. ही राज्यसीमा १ मे १९६० ची, म्हणजे तशी अलीकडची. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा तर १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यापूर्वी तो धुळे जिल्ह्याचा आणि त्याआधी पश्चिम खानदेशाचा भाग होता. परंतु सीमा नवी असली तरी सत्तांची सरमिसळ जुनी आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खानदेश इंग्रजांकडे आला. त्याला लागून असलेले सोनगड आणि व्यारा हे तालुके बडोद्याच्या गायकवाडांकडे राहिले, बारडोलीवर इंग्रजांचा अंमल होता, आणि सातपुड्याच्या कुशीत काठी, सिंगपूर, गव्हाळी, चिखली अशी मेवासी सरदारांची छोटी संस्थाने होती.

सरकारे निरनिराळी असली तरी राबणारी माणसे मात्र एकमेकांच्या नात्यागोत्यातली होती. भिल्ल, मावची, गावित, कोकणी, वसावे ही मंडळी सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली आहेत. त्यांच्या सोयरिकी, त्यांचे बाजार आणि त्यांचे देव यांनी ही सीमा कधी मानली नाही. दास्याने मात्र सीमेच्या दोन बाजूंना दोन वेगळी रूपे घेतली. पलीकडे त्याचे नाव हाळी, अलीकडे सालदार.

हाळी

‘हळ’ म्हणजे नांगर. नांगर धरणारा तो हाळी. सुरत जिल्ह्याच्या सुपीक सपाट प्रदेशात अनाविल ब्राह्मणांची आणि पाटीदारांची मोठी शेती होती. स्वतः नांगराला हात लावणे अनाविल जमीनमालकाला कमीपणाचे वाटे. ते काम दुबळा जमातीची माणसे करीत. या जमातीला पुढे ‘हळपती’, म्हणजे नांगराचा स्वामी, असे सन्मानाचे नाव देण्यात आले. परंतु नाव बदलले तरी नांगर आणि शेत दुसऱ्याचेच राहिले.

हाळीपणाची सुरुवात बहुधा लग्नाने होई. तरुणाकडे लग्नाच्या खर्चासाठी पैसा नसे. मालक, ज्याला तिकडे ‘धणियामो’ म्हणत, तो खर्च उचली. त्या दिवसापासून तो तरुण मालकाचा हाळी झाला. त्याला रोजचे धान्य मिळे, झोपडीपुरती जागा मिळे, वर्षाकाठी कपडे मिळत. त्याची बायको मालकाच्या घरी शेणगोठा, झाडलोट आणि पाणी भरण्याचे काम करी. आजारपण, बाळंतपण, मरण अशा प्रत्येक प्रसंगी थोडे थोडे कर्ज चढत जाई. ते फिटावे अशी मालकाची अपेक्षाही नसे. कर्ज हीच त्याची दोरी होती, आणि दोरी तुटावी असे बांधणाऱ्याला का वाटावे? हाळी पळून गेला तर त्याला परत आणीत. दुसऱ्या मालकाकडे जायचे झाले, तर त्या मालकाने आधीचे कर्ज चुकते करावे लागे. पुढे मुलगा लग्नाला आला की त्याच ओसरीवर तोही उभा राही.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६२-६३ मध्ये या भागातील खेड्यांत राहून या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९७४ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांचे एक निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. हाळीला या बंधनात काहीसा आधारही वाटे. दुष्काळात मालक त्याला उपाशी मरू देत नसे. म्हणजे स्वातंत्र्य आणि भाकरी यांतून एकाचीच निवड करायची असेल, तर माणूस भाकरी निवडतो. दास्य टिकते ते केवळ चाबकाच्या बळावर नव्हे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सालदार

आता अलीकडे येऊ. इंग्रजी अंमलाच्या आरंभी खानदेशातील भिल्लांचे बंड मोडून काढण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी आणि भिल्ल पलटण स्थापन झाली. शरण आलेल्या भिल्लांना जमिनी, बैल आणि बियाण्यासाठी तगाई देऊन स्थिर करण्याचे धोरण सरकारने आखले. मात्र त्याच सरकारने जमीन ही खरेदी-विक्रीची वस्तू केली आणि सारा रोख पैशात मागितला. रोख पैसा ज्याच्याकडे होता तो सावकार. कागद वाचता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कागदावर उमटत गेला, आणि शहादा-तळोद्याच्या तापीकाठच्या काळ्या जमिनी एकामागून एक हातच्या गेल्या. काल ज्या शेताचा तो धनी होता, त्याच शेतात आज तो सालदार झाला.

सालदारीचे वर्ष खानदेशात आखाजीला सुरू होते. अक्षय्य तृतीयेचा हा सण इकडे दिवाळीइतकाच मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी होतात. आणि त्याच दिवसांत सालदाराचा हिशेब होऊन नवे साल ठरते. वर्षाची रक्कम ठरे, काही आगाऊ मिळे, बाकीचे धान्याच्या रूपाने. पहाटे गोठ्यात शिरायचे, वैरण-पाणी करायचे, दिवसभर औत हाकायचे, पाण्याची पाळी आली तर रात्री पाणी धरायचे आणि पीक उभे असेल तर जागलीला जायचे. आजारी पडला तर खाडा. खाड्यांची रक्कम आगाऊ रकमेत मिळवली की वर्षाअखेरीस सालदाराकडेच बाकी निघे. ती फेडण्यासाठी पुढचे साल. कागदोपत्री करार एका वर्षाचा, पण असे एकेक वर्ष करीत आयुष्य सरत असे.

साम्य आणि भेद

दोहोंमध्ये फरक आहे, आणि तो पुसून टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. हाळीचे बंधन आजन्म आणि पिढीजात होते. सालदाराचे निदान तोंडाने तरी वर्षाचे होते. हाळी ज्या जमिनीवर राबे ती त्याची होती अशी आठवण पुसट झाली होती. सालदाराला मात्र बांधावरचे झाड दाखवून ‘हे माझ्या आजाने लावले’ असे सांगता येत असे. या आठवणीचा परिणाम पुढे दिसतो. पलीकडचा लढा मुख्यतः मजुरीचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा झाला, अलीकडचा लढा जमिनीपासून सुरू झाला.

साम्य एका गोष्टीत आहे, आणि तीच मुख्य आहे. दोन्हीकडे माणसाला बाजारात उभे करून विकत घेतले जात नव्हते. त्याला कर्ज दिले जात होते. १८४३ च्या कायद्याने इतकेच केले की, कोणी कोणाचा मालक आहे असा दावा न्यायालयाने मानू नये. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. कर्जाला मात्र दोहोंपैकी कोणीच हात लावला नाही. उलट १८५९ मध्ये असा एक कायदा झाला की, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडता येईल. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले. एका हाताने बेडी काढायची आणि दुसऱ्या हाताने वही पुढे करायची, असा हा प्रकार होता.

याच सीमेच्या दक्षिण टोकाला, डहाणू-उंबरगावकडे, वारल्यांमध्ये ‘लग्नगडी’ होते. लग्नाच्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही जमीनदाराचे गडी होत. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्धार केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक त्या लढ्याची साक्ष देते.

दूरच्या एका सीमेचा आरसा

कायद्याने गुलामी नाहीशी केली आणि कराराने ती परत आणली, हे आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण अमेरिकेत उरुग्वे आणि ब्राझील या शेजाऱ्यांची सीमा पाहावी. उरुग्वेने १८४२ मध्ये गुलामगिरी रद्द केली. त्या वेळी तेथे यादवी चालू होती आणि प्रतिपक्षाच्या सरकारनेही १८४६ मध्ये तसेच केले. ब्राझीलमध्ये ती आणखी चार दशके चालू राहिली. साहजिकच ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतातील गुलाम संधी मिळताच सीमा ओलांडून पळू लागले. पलीकडची भूमी म्हणजे स्वातंत्र्य, इतके त्यांना कळत होते. मग १८५१ मध्ये दोन्ही देशांत तह झाला आणि पळून आलेले गुलाम मालकांना परत करण्याचे उरुग्वेने मान्य केले. स्वतः गुलामगिरी न पाळणारा देश दुसऱ्याचे गुलाम पकडून देणारा झाला.

याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. उत्तर उरुग्वेत ब्राझीलच्या गुरेपालकांची विस्तीर्ण कुरणे होती. तेथे गुलाम नेता येत नव्हता. म्हणून सीमेअलीकडे गुलामाला कागदोपत्री मुक्त करीत, आणि लगेच त्याच्याकडून करार लिहून घेत की, मुक्तीची किंमत फेडण्यासाठी तो इतकी वर्षे मजुरी करील. हे करार पुष्कळदा पंधरा-वीस वर्षांचे असत. माणूस तोच, मालक तोच, काम तेच. केवळ ‘गुलाम’ या शब्दाच्या जागी ‘करारबद्ध गडी’ असा शब्द आला. आपला सालदार या माणसाला पाहताक्षणी ओळखेल.

येथे ख्रिस्ती वाचकाला एक प्रश्न पडेल, आणि तो टाळू नये. या सर्व काळात ख्रिस्तसभा काय करीत होती? पोप पॉल तिसरे यांनी १५३७ मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गुलाम करण्याचा निषेध केला. पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३९ मध्ये गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार केला. पोप लिओ तेरावे यांनी मे १८८८ मध्ये, ब्राझीलमधील मुक्तीच्या त्याच महिन्यात, तेथील महागुरूंना पत्र लिहून मुक्तीचे स्वागत केले. हे सारे खरे. त्याचबरोबर हेही खरे की, पॅराग्वेत ग्वारानी लोकांना गुलाम पकडणाऱ्या टोळ्यांपासून वाचवणाऱ्या येशूसंघाच्याच दुसऱ्या मळ्यांवर आफ्रिकन गुलाम राबत होते, आणि पोर्तुगीज गोव्यात व दमणमध्ये मोझांबिकहून आणलेले गुलाम ख्रिस्ती घरांत सेवेला होते. आपल्या पूर्वजांचा इतिहास सांगताना दोन्ही पाने उघडी ठेवावीत.

मुक्तीच्या दोन वाटा

आपल्या सीमेकडे परत येऊ. बंधन तोडण्याचे प्रयत्न दोन्हीकडे झाले. १९२२ मध्ये देवीची चळवळ किनाऱ्याकडून निघून घाट चढून खानदेशात आणि तेथून सोनगड, व्यारा, बारडोलीपर्यंत पोहोचली. दारू सोडा, स्वच्छ राहा, दारूविक्रेत्या सावकाराचे काम करू नका, असा तिचा संदेश होता. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यात मोरवडच्या गुला महाराजांनी आणि त्यांच्या मागे रामदास महाराजांनी असाच संदेश दिला. ‘आप की जय’ हे त्यांच्या अनुयायांचे अभिवादन. ज्याला समाज ‘ए’ म्हणून हाक मारी, त्याला ‘आप’ म्हणायचे, हा त्यातील अर्थ फार खोल आहे.

बारडोलीचे नाव १९२८ च्या सत्याग्रहाने देशभर झाले. तो लढा साऱ्याच्या वाढीविरुद्ध जमीनमालक शेतकऱ्यांचा होता. त्यांच्या हाळींचा प्रश्न त्यात नव्हता. तो पुढे आला १९३८-३९ मध्ये. गांधीजी आणि सरदार पटेल यांच्या पुढाकाराने जानेवारी १९३९ मध्ये हाळींना मुक्त घोषित करण्यात आले. मजुरीतील काही भाग वळता करून बारा वर्षांत कर्ज फिटले असे समजायचे, असा समझोता झाला. परंतु तो मालकांच्या सदिच्छेवर अवलंबून होता, आणि सदिच्छा लवकरच आटली. पुढे हाळीपद्धत मोडली ती निराळ्याच कारणाने. मालकांची मुले शिकून शहरांत गेली, नगदी पिके आली, बारमाही गडी सांभाळणे परवडेनासे झाले. हाळी सुटला, पण दुष्काळातली भाकरीही सुटली.

शहाद्याची वाट वेगळी होती. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती, लोकांचे अंबरसिंग महाराज, हे भजने गात गावोगाव फिरणारे भिल्ल कार्यकर्ते. मे १९७१ मध्ये पाटीलवाडी येथे जमीनमालकांच्या बाजूने गोळीबार होऊन आदिवासीचा बळी गेला, आणि महाराष्ट्राचे लक्ष इकडे वळले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. बड्या शेतकऱ्यांच्या पीक संरक्षण सोसायट्या भिल्लांना दंड ठोठावीत. त्यांना तोंड देत सालदारांनी कामाचे तास, भाकरीचा दर्जा, खाड्याचे नियम आणि सालाची रक्कम यांवर बोलणी केली. स्त्रियांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी या चळवळीतून मराठी साहित्याला मिळाला.

त्यात १९७२ चा दुष्काळ आला. एरवी दुष्काळ गडी-माणसाला मालकाच्या दारी लोटतो. या वेळी सरकारने दुष्काळी कामे काढली, त्यांतून रोजगार हमी योजना रुजली, आणि सालदाराला प्रथमच दुसरे एक दार दिसले. १९७४ मध्ये आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. ऑक्टोबर १९७५ च्या वटहुकुमाने आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीची कर्जेच रद्द ठरवली. १८४३ मध्ये जे राहून गेले होते ते करायला एकशे बत्तीस वर्षे लागली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच होय.

उचल

मग ती संपली का? दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूरकडच्या पाड्यांवर जाऊन पाहावे. घरांना कड्या लागलेल्या असतात. ओसरीवर म्हातारी माणसे आणि एखाद-दुसरे लहान मूल. बाकीचे सारे कोयत्यावर गेलेले. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. एक कोयता म्हणजे एक जोडपे. त्यांतले पुष्कळसे कोयते सीमा ओलांडून बारडोली-सुरतेच्या साखर कारखान्यांच्या उसात उतरतात.

येथे आपले दोन इतिहास एकमेकांना भेटतात. बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवर यान ब्रेमन यांचाच अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विचारले की, हाळीचे मुलगे-नातू गावात कामावाचून बसलेले असताना खानदेशातून मजूर का आणतात? उत्तर सरळ होते. गावचा हळपती संध्याकाळी घरी जातो, भांडतो, संघटित होऊ शकतो. बाहेरून आलेला मजूर फडाशेजारी पालात राहतो, हाक मारताच रात्रीही गाडी भरायला उठतो, आणि उचल फिटेपर्यंत परत जाऊ शकत नाही. हाळीने मान वर करताच त्याच्या जागी सालदाराचा मुलगा आणला गेला. रिओ ग्रांदेच्या गुलामाला सीमेपलीकडे स्वातंत्र्य दिसत होते. आपल्या कोयतेवाल्याला सीमेपलीकडे भाषा परकी, रेशन दुकान परके, सरकार परके. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला आणि पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो विलीन करण्यात आला. परंतु हंगामाच्या अखेरीस पालात बसून मुकादम जो हिशेब वाचतो, तो त्याच्या वहीतला असतो, आणि ती वही त्याच्याखेरीज कोणी पाहिलेली नसते.

बायबलच्या जुन्या करारात नहेम्याच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय आहे. शेते आणि द्राक्षमळे गहाण पडले, आता मुलाबाळांनाही दास्यात द्यावे लागते, असा आक्रोश घेऊन लोक नहेम्याकडे येतात. सावकार परके नव्हते, स्वकीयच होते. नहेम्या त्यांना बोलावून शेते आणि व्याज दोन्ही परत करायला लावतो. त्याला दास्याचे मूळ बरोबर सापडले होते: ते कर्जाच्या वहीत असते. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील जयंती वर्षाची कल्पनाही हेच सांगते की, कर्ज कितीही मोठे असो, त्याला शेवटची तारीख असली पाहिजे.

वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबा सालदार होते, आणि काहींच्या घरी सालदार ठेवलेला होता. वसईच्या वाड्यांत, नाशिकच्या द्राक्षबागांत, शहरातील बांधकामांवर आजही आपल्या ओळखीची माणसे उचल देतात आणि घेतात. तेव्हा इतिहासाचा हा पाठ चार साध्या गोष्टींत उतरवता येईल. दिलेल्या पैशाची नोंद मजुराच्याही हातात असावी. खाड्याचा हिशेब त्याच्यासमोर वाचून दाखवावा. काम सोडून जायचे म्हटले तर त्याला जाता यावे, आणि बाकीची रक्कम माणसाकडून माणसासारखी, सवडीने फेडून घ्यावी. आणि कोयत्यावर जाणाऱ्या जोडप्याचे मूल शाळेत राहील अशी सोय गावाने, धर्मग्रामाने दिवाळीआधीच करावी. कारण पालात वाढलेले मूल पंधराव्या वर्षी स्वतःच उचल मागायला उभे राहते. गुलामगिरी केव्हा संपली, हा प्रश्न परीक्षेत विचारला जातो तेव्हा उत्तर तारखेत असते. आपल्याला विचारला जाईल तेव्हा उत्तर आपल्या हिशेबाच्या वहीत शोधावे लागेल.